पक्कं तेल

संघमित्रा रामटेकेच्या घरी सकाळी चहाच्या आधी रंग होतो. चहा नंतर. पाहुणा आलेला असला तर पाहुण्याचाही नंतरच. बालाघाटच्या बुढी वॉर्डात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटून घेतल्याने चहा लवकर होत नाही, हे वीस वर्षांत लोकांच्या लक्षात आलेलं आहे.

सहा वाजता ती मागच्या खोलीचं दार उघडते. वर टिनाचं छत, खाली फरशी आणि उत्तरेच्या भिंतीत एक दांडगी खिडकी. या खिडकीपायी तिने गवंड्याशी तीन दिवस भांडण केलं होतं. त्याच्या मते खिडकी पूर्वेलाच शोभते. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात रंग खोटं बोलत नाहीत, हे तिने त्याला परोपरीने सांगितलं. शेवटी "घर माह्यं हाय" एवढं म्हटल्यावर त्याला पटलं.

खिडकीखाली टेबल, टेबलावर जाड काच. काचेवर चमचाभर कोरडी पूड घ्यायची, मधोमध बोटाने खळगा करायचा, खळग्यात जवसाचं तेल सोडायचं आणि दगडी बत्त्याने गोल गोल घोटत राहायचं. पाऊण तास. घाई केली की रंगात कण राहतो, आणि राहिलेला कण नेमका कुणाच्या तरी नाकाच्या शेंड्यावर येऊन बसतो. पांढरा, निळा आणि लाल ती नागपूरहून ट्यूबमध्ये आणते. पिवळी माती, गेरू, तपकिरी आणि काळा, हे चार तिचे स्वतःचे. दुकानातला काळा तिला चालत नाही. "तो नुसताच काया असते," असं ती म्हणते, आणि समोरच्याला ते कळलं नाही तर समजावत बसत नाही.

तिचा काळा तिरोडीच्या मँगनीजचा. तो निवडून देते तिची माय, रुख्माबाई. वय अठ्ठ्याहत्तर. तिरोडीच्या खाणीवर बत्तीस वर्षं हातोडीने दगड फोडून त्यातला माल वेगळा केलेली बाई. मँगनीजला ती मँगनीज म्हणत नाही, मालच म्हणते, जसं शेतकरी बाई भाताला नुसतं पीक म्हणते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आता उजेड आणि सावली तेवढी कळते. पण टोपलीत दगड आणून ठेवले की म्हातारी एकेक हातात घेऊन तोलते, अंगठ्याने घासते आणि निकाल देते.

"हा घे. हा पक्का हाय."

"आन् हा वं माय?"

"फेक तो. चुना हाय त्यात. साहेब लोकाइले नाई समजत, मले समजते."

साहेबांना खरंच समजत नसे की नाही, कोण जाणे. पण रुख्माबाईने निवडलेल्या दगडाचा काळा आजवर कधी करडा पडला नाही, ही गोष्ट संघमित्रा छाती काढून सांगते.

दोन वर्षं ती एकाच चित्रावर काम करत होती. पोटापाण्याची कामं वेगळी: कुणाच्या वडिलांचं तैलचित्र, विहारासाठी बुद्धाचं चित्र, शाळेच्या भिंती. हे चित्र पोटासाठी नव्हतं. साडेसहा फूट रुंद, चार फूट उंच. सागवानी चौकटीवर ताणलेला जाड मांजरपाट, त्यावर सरस आणि खडूचे चार हात, मग माती रंगांचा पातळ थर. चित्रात मालाच्या ढिगापाशी बसलेल्या सात बाया. रुख्माबाईची टोळी. त्यांचा एकही फोटो कुणाकडे नाही. खाणीचे फोटो निघाले, यंत्रांचे निघाले, साहेबांच्या निरोपसमारंभाचे तर हारासकट निघाले. या सात जणींकडे कॅमेरा फिरवावा असं बत्तीस वर्षांत कुणाला सुचलं नाही. पण संघमित्रा शाळा सुटली की त्याच ढिगाजवळ बसून पाढे म्हणायची. सातही चेहरे तिच्या डोळ्यांत होते. जिथे अडलं तिथे मायला विचारायचं.

"सुभद्रामावशी कोण्या हातानं हातोडी धरे?"

"डाव्या. म्हणून तर तिच्या बाजूनं कोणी बसे नाई. मीच बसो."

सातांतल्या पाच गेल्या. रुख्माबाई उरली आणि तिरोडीत गोदाबाई. जानेवारीत बालाघाटच्या टाउन हॉलमध्ये जिल्ह्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं, तसा संघमित्राने फॉर्म भरला आणि गोदाबाईला फोन करून सांगून टाकलं, मावशी, तुमचं चित्र लागून राह्यलं, या. गोदाबाईने तिरोडीभर केलं. रुख्माबाईने काही केलं नाही, फक्त एवढंच म्हणाली:

"मले डोयानं तं दिसत नाई. मी हातानं पाह्यीन. चालन नं?"

"चालन माय. वाळलं म्हणजे पाह्यजो."

फॉर्मवर ठळक अक्षरांत एक अट होती: ओली चित्रे स्वीकारली जाणार नाहीत. संघमित्राला ती वाचून हसू आलं. डिसेंबरच्या पाच तारखेला शेवटचा चेहरा पुरा झाला होता, आणि चित्र द्यायचं होतं अकरा जानेवारीला. तिचा रंग आठवड्यात वाळतो. मँगनीज तेलात असलं की तेल लवकर धरतं, हे तर तिला झोपेतही ठाऊक होतं.

सगळे चेहरे पुरे होऊन निवेपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही, ही तिची रीत. अठरा डिसेंबरला सकाळी तिने सहज सुभद्रामावशीच्या गालाला करंगळी लावली. करंगळीला गाल लागून आला.

तिने करंगळी चिंधीला पुसली. मग तिने स्वतःची समजूत घातली, की थंडी जास्त आहे. चित्र उचलून उन्हाला ठेवलं. दोन दिवसांनी तेच. खालचा थर दगडासारखा टणक, वरचे सातही चेहरे चिकट, पाकातल्या जिलेबीसारखे. धूळ बसू नये म्हणून लावलेल्या चादरीचे दोन धागे गोदाबाईच्या कपाळावर चिकटले, ते तिने एकेक करून चिमट्याने काढले. ती कुणाला काही बोलली नाही. रुख्माबाई रोज विचारायची, "वाळलं का वं?" आणि ती रोज म्हणायची, "वाळून राह्यलं."

पण ती हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. तिने काचेच्या एका तुकड्यावर दोन पट्टे ओढले. पूड तीच, एकात गेल्या वर्षीच्या बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल, दुसऱ्यात नवं तेल. चौथ्या दिवशी जुन्या तेलाच्या पट्ट्यावर नख उमटेना. नव्या तेलाचा पट्टा बोटाला लागून आला. म्हणजे दगड निर्दोष. गुन्हेगार तेल.

तेल भैयालालच्या तेलघाण्यावरचं. इथे संघमित्राची एक लबाडी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फार पूर्वी एका मिलवाल्याला तिने सरळ सांगितलं होतं, की तेल रंगासाठी हवं. त्याने खूश होऊन पिंपाच्या तळाचा गाळ दिला होता. रंगाला काय, काहीही चालतं. तो गाळ गाळता गाळता तिच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून ती शहाणी झाली. भैयालालकडे पहिल्या दिवशीच तिने सांगितलं, माय के लिए चाहिए, खाने का है, एकदम साफ देना. आठ वर्षं भैयालाल तिला नितळ, सोन्यासारखं तेल देत होता आणि आठ वर्षं आपण त्याला कसं फसवलं, यावर ती मनातल्या मनात खूश होती.

चोवीस डिसेंबरला ती बाटली घेऊन घाण्यावर गेली. भैयालाल पोत्यावर बसून चण्याची भाजी निवडत होता.

"भैयालालभाऊ, इस बार के तेल में क्या किया?"

भैयालालचा चेहरा उजळला. "पता चल गया ना दीदी? मैं बोल ही रहा था घर में, दीदी को पता चलेगा."

"क्या पता चलेगा?"

"बरसात में आपने ही तो बोला था, अम्मा को बुखार आया, मुँह का स्वाद चला गया. अब अलसी का तेल तो कडवा रहता है. तो मैंने पाव हिस्सा तिल का मिला दिया. अपने घर का तिल. अम्मा को अच्छा लगा ना?"

तिळाचं तेल. जे तेल वर्षभर उघडं ठेवलं तरी वाळत नाही, ते या भल्या माणसाने तिच्या सात बायांच्या तोंडांत घातलं होतं, आणि तेही मायेपोटी. ओरडावं असा दोषच त्याच्याकडे नव्हता. खोटं बोललं होतं कोण? तिनेच. आठ वर्षं जी हुशारी ती मिरवत होती, ती तिच्याच गळ्यात आली.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "वो तेल अम्मा नहीं खाती. मैं उससे चित्र बनाती हूँ."

"चित्र?" भैयालालने भाजी बाजूला ठेवली. "आठ साल से?"

"हौ."

त्याने हात झटकले. मग जे बोलला ते तिला जास्त लागलं. "तो पहले बोलना था दीदी. खाने का तेल तो पेट में चला जाता है. चित्र तो दीवार पे रहेगा, सब देखेंगे. उसके लिए तो मैं और साफ देता."

तो आत गेला आणि तोंडाला फडकं बांधलेली काचेची बरणी घेऊन आला. दीड वर्ष निवळत ठेवलेलं जवसाचं तेल, स्वतःच्या सांधेदुखीसाठी जपलेलं. "ये ले जाओ. इसमें कुछ नहीं मिलाया, माँ कसम."

घरी येताना तिने शरदचंद्र सरांना फोन लावला. प्रदर्शनाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. चित्रकलेच्या परीक्षांचे जुने परीक्षक, शिस्तीचे कडक, मराठी छापील पुस्तकासारखं. तिने जे घडलं ते सांगितलं आणि चार दिवस सवलत मागितली.

"संघमित्राताई, नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "ओलं चित्र मी घेतलं तर उद्या सगळेच ओली चित्रं आणतील. शेजारच्या चित्राला लागलं तर जबाबदार कोण? तुम्ही असं करा, तेवढा भाग ॲक्रिलिकमध्ये करून टाका. तासाभरात वाळतं. नाहीतर पुढच्या वर्षी द्या. चित्र कुठे पळून जातंय?"

"चित्र नाही पळत सर," ती म्हणाली, "बाया पळतात. सातांतल्या दोन उरल्या." आणि तिने फोन ठेवला. सरांना फोन असा ठेवणारी जिल्ह्यात ती पहिलीच असावी.

तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, सालपट निघून येतं, हे सरांनाही माहीत असणार. त्यांनी वाटेला लावण्यापुरतं सांगितलं होतं. राहता राहिला एकच मार्ग. पंचवीस तारखेला सकाळी तिने टर्पेंटाइन, जुन्या सुती साडीच्या चिंध्या आणि बोथट पातं घेतलं आणि चेहरे उतरवायला सुरुवात केली. तीन महिन्यांचं काम. पहिली सुभद्रामावशी. ती डावखुरी हसरी बाई चिंधीवर तपकिरी डाग होऊन आली तेव्हा संघमित्राला रडू आवरेना. रडत रडत ती पुसत राहिली, आणि चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवत राहिली, कारण तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात. दुःख असलं तरी काम नीटच करायचं, ही त्या घरातली पद्धत.

दारात काठीचा आवाज झाला. "काय खरवडून राह्यली वं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमचेच तोंडं, माय." आणि तिने सगळं सांगितलं. तीळ, भैयालाल, स्वतःची लबाडी, सगळं.

रुख्माबाई उंबऱ्यावर बसली. तिने आधी हसून घेतलं, पोट धरून. "म्हणजे म्या आठ वर्स तेल पेल्लं आन् मलेच माहीत नाई?" मग हसू थांबल्यावर तिने विचारलं, "किती दिवस हाय?"

"सतरा. काढाले दहा लागन. मंग वाळाले कोठी टाइम हाय?"

"पक्कं तेल काहून नाई करत?"

"कायचं पक्कं तेल?"

"चंद्रशेखर मिस्तरी करे नं. खाणीचा पेंटर. मालगाडीच्या डब्यांचे नंबर, बंगल्याचे दरवाजे, सारं तोच रंगवे. दिवाई आली का आमच्या ढिगावर ये आन् म्हणे, बाईहो, पावभर निवडक माल द्या, हाताले कायं करते तोच. आम्ही म्हणो, येडा झाला का हा, दगड नेते. त्याची पूड करून फडक्यात बांधे आन् जवसाच्या तेलात शिजवे. सांजच्याले दरवाजा रंगवला का सकाऊन त्याले टेकून बसा. आम्ही त्याले पक्कं तेल म्हणो."

संघमित्राच्या हातातलं पातं थांबलं. फळीवर नागपूरहून आणलेली, रंग लवकर वाळवण्याच्या औषधाची एक जुनी रिकामी बाटली होती. त्या औषधाने एकदा चित्र पिवळं पडलं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. तिने बाटली खिडकीशी नेली, चष्मा पुसला आणि पाठीमागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली. त्यात मँगनीजचं नाव होतं. इथला दगड कुठल्या कुठे जाऊन, बाटलीत बसून, टोपण लावून परत बालाघाटला आला होता, आणि जिने तो बत्तीस वर्षं वेचला ती उंबऱ्यावर बसून सांगत होती की हे आम्हाला माहीत होतं.

"तू आधी काहून नाई सांगतलं माय?"

"तू इचारलं कधी? तू दगड इचारे, म्या दगड देल्ला."

दुपारी अंगणात चूल मांडली. लोखंडी कढई, त्यात भैयालालचं तेल, आणि वर आडव्या काठीला टांगलेली काळ्या पुडीची पुरचुंडी, तेलात बुडालेली पण तळाला न टेकलेली. शेजारी रेतीची बादली, तेल पेटलंच तर टाकायला. आच मंद. रुख्माबाई चुलीपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसली आणि नाकाने कारभार पाहू लागली. "धग कमी कर." "आता राहू दे." शेवटी म्हणाली, "पीस टाकून पाह्य." चंद्रशेखर मिस्तरी कोंबडीचं पीस टाकून बघत असे म्हणे. संघमित्राने शेजारच्या कोंबडीचं पीस आणून तेलात बुडवलं, ते चुरचुरून आकसलं. "झालं. उतरव."

तेल कोऱ्या चहासारखं लालसर तपकिरी झालं होतं. गाळून, थंड करून तिने त्यात रंग घोटला आणि काचेवर पट्टा ओढला. सकाळी सहाला पाहिलं तर पट्टा वाळला होता. वाळला होता, पण उन्हातल्या पापडासारखा सुरकुतला होता. तिचं तोंड उतरलं.

"वाळलं, पण सुरकुत्या पडल्या माय."

"मंग? बुढ्याइच्या तोंडाले सुरकुत्या शोभते."

पण संघमित्राला शोभत नव्हत्या. मिस्तरी दरवाजे रंगवायचा, तिला माणसं रंगवायची होती. तिने पुन्हा पट्टे ओढले: साध्या तेलाच्या चमच्यात पक्क्या तेलाचे दहा थेंब, आठ, पाच, तीन. रंग जाड, रंग पातळ. दोन सकाळी यातच गेल्या. तिसऱ्या सकाळी पाच थेंबांचा पातळ पट्टा असा वाळला होता की बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. तिने ते माप खडूने भिंतीवर लिहून ठेवलं आणि ब्रश हातात घेतला.

मग ती उजाडल्यापासून अकरापर्यंत, आणि दुपारी दोनपासून उजेड जाईपर्यंत, रोज काम करू लागली. चहा राहूनच जाई. शेजारपाजारच्यांनी विचारणं सोडलं. पहिल्या वेळी एकेका चेहऱ्याला पंधरा पंधरा दिवस लागले होते, डोळा चाचपडत होता, हात भीत होता. आता हाताला वाट माहीत होती. पातळ रंग, एकावर एक, खालचा वाळला की वरचा. रंग रोज वाळत होता म्हणून रोज पुढे जाता येत होतं. कपाळाचं हाड, गालाखालची सावली, घामाने चमकणारी मानेची कड. सुभद्रामावशी पुन्हा हसली, आणि यावेळी खरी हसली, एका बाजूने, पानाने लाल झालेले दात दाखवत. पहिल्या चित्रात तिने ते दात झाकले होते. का झाकले होते कोण जाणे, कदाचित लोक काय म्हणतील म्हणून. आता सतरा दिवसांच्या घाईत लोकांसाठी वेळ नव्हता.

सहा जानेवारीला सातवा चेहरा झाला. ती चार पावलं मागे सरकली, खिडकीशी पाठ लावून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "जमलं." खोलीत कुणी नव्हतं. तिला ते कुणाला ऐकवायचंही नव्हतं. आपण चांगलं चित्र काढलं आहे हे तिला कळत होतं, आणि त्याची लाज वाटण्याचं काही कारण तिला दिसत नव्हतं.

अकरा तारखेला चौघांनी चित्र टेम्पोत घालून टाउन हॉलला नेलं. शरदचंद्र सर टेबलाशी बसले होते. टेबलावर यादी, शिक्का आणि कापसाचा पुडा. फोनची गोष्ट ते विसरले नव्हते.

"वाळलं?"

"तुम्ही पाहा सर."

सर उठले. त्यांनी कापसाचं एक पुंजकं काढलं, चित्राच्या सगळ्यात गडद जागी, मालाच्या ढिगावर, हलकेच दाबलं आणि फुंकर मारली. कापूस उडाला. दुसरं पुंजकं गोदाबाईच्या गालावर. तेही उडालं. तिसरं त्यांनी जरा जास्तच दाबलं. माणूस प्रामाणिक होता, पण हट्टी होता. तेही उडून त्यांच्याच चष्म्यावर बसलं.

"सतरा दिवसांत?" ते म्हणाले. "काय वापरलंत?"

"तिरोडीचा दगड. आणि तो वेचणारीची अक्कल."

सरांनी चष्मा पुसला. चित्राकडे ते बराच वेळ बघत राहिले, नियमापुरतं बघतात त्याहून बराच जास्त वेळ. मग शिक्का मारला आणि पोरांना हाक मारून म्हणाले, "हे समोरच्या भिंतीवर. मधोमध."

शनिवारी दुपारी गोदाबाई तिरोडीहून गाडीने आली, नवं लुगडं नेसून, बरोबर नातसून. टाउन हॉलमध्ये गर्दी होती. भैयालाल आधीच येऊन चित्रासमोर उभा होता आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता, "तेल अपना है." संघमित्राने मायचा हात धरला होता. गोदाबाई चित्रासमोर आली आणि तिने पदर तोंडाला लावला. रुख्माबाईने तिला कोपराने ढोसलं.

"सांग नं वं, कसं हाय?"

"आपुन हाव रुख्मा," गोदाबाई म्हणाली. "आपुनच हाव. साऱ्या."

रुख्माबाईने काठी संघमित्राकडे दिली आणि हात पुढे केला. तेवढ्यात बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता लगबगीने आला. "अम्मा, अम्मा, छूना मना है." भिंतीवर पाटी होतीच, मराठीत आणि हिंदीत. लोक वळून बघू लागले. रुख्माबाईचा हात हवेतच राहिला. आयुष्यभर कुणी थांब म्हटलं की थांबायची सवय त्या हाताला होती.

"चित्र माझं आहे," संघमित्रा म्हणाली. आवाज चढवावा लागला नाही. "वाळलंय. तिला हात लावू द्या."

कार्यकर्त्याने शरदचंद्र सरांकडे पाहिलं. सर दुसऱ्या टोकाला होते. ते जागचे हलले नाहीत, फक्त हाताने खूण केली, की बाजूला हो.

रुख्माबाईचा तळवा कॅनव्हासला टेकला. डावीकडून तो सावकाश सरकत गेला. कोण कुठे बसली आहे ते तिला लेकीने शंभर वेळा सांगितलं होतं. "ही कौशल्या," ती मोठ्याने म्हणाली. "ही तानी. ही अंजना. ही गोदा, जित्ती हाय अजून." हात पुढे सरकला. "ही सोना. ही सुभद्रा, हसून राह्यली अशीन. आन् ही मी." मग हात खाली उतरला, ढिगावर, जिथे काळा सगळ्यात जाड होता. तिथे तिने पंजा पसरून दाबला, बोटं रुतवून, जसा बत्तीस वर्षं हात काळे करत माल चाचपला तसा.

"आपला माल हाय हा," ती म्हणाली. "पक्का."

तिने हात काढला. अंगठा बोटांवर घासला, एकदा, दोनदा. पुन्हा घासला. मग तळवा उघडून गोदाबाईच्या तोंडासमोर धरला.

"पाह्य बरं गोदा, लागलं का कायं?"

गोदाबाईने तो हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि नीट पाहिला.

"नाई वं," ती म्हणाली. "साफ हाय."